दूध मावळतीला गेलं

रथसप्तमीच्या सकाळी अख्खी गल्ली आमच्या अंगणात लोटली होती. निम्म्यांचे हात जोडलेले, निम्म्यांच्या हातात मोबाइल. ज्या सुनेचा निवाडा व्हायचा होता ती मी, भैरवी, कोठीच्या खोलीत कडीबंद. गजांच्या खिडकीतून बघत होते.

पौषातल्या एका रविवारी किरणबाबांनी याच अंगणात बोळक्यात दूध तापवलं होतं. उगवतीला उतू गेलं तर सूर्यनारायण प्रसन्न, मावळतीला गेलं तर घरात खोट. गेलं मावळतीला. बाबांनी डोळे मिटून खोट हुडकली : मीच. सूर्य माझं तोंड बघायला तयार नाही म्हणे! रोज साऱ्या जगाची तोंडं बघणाऱ्याला माझंच कसं खुपलं, हे विचारायची सोय नव्हती. माझा फोन काढून घेतला, दाराला कडी लागली. सहा महिन्यांची लेक पाजायला आणायचे आणि पोट भरलं की हातातून काढून न्यायचे. ती रडायची, मी दारावर डोकं टेकून ऐकायचे. उमरग्याला माहेरी कुणाला पत्ताही नव्हता.

आजही दूध मावळतीला गेलं तर मला चाळीस दिवस बाबांच्या मठात ‘सेवेला’ जायचं होतं. लेक इथंच राहणार होती.

सासूबाई तुळशीपाशी विटा मांडू लागल्या.

"थितं नको, माय," बाबा म्हणाले. "मागच्याच जागी मांडा. सूर्याच्या सातव्या घोड्याची टाप हितंच पडती."

बाकीचे सहा बहुतेक मठात बांधलेले असावेत.

गोवऱ्या पेटल्या. दूध फुगलं आणि मावळतीच्या काठावरून खाली आलं.

"बघा! देवानं तोंड फिरवलं!" बाबा गरजले.

माझा नवरा गोरोबा मान खाली घालून उभा राहिला. त्याचा मला मनस्वी राग आला. दूध मात्र फरशीवरून थेट मावळतीच्या मोरीकडे चाललं होतं. चार वर्षं ती फरशी मी रोज धुतली होती. मी गज धरून सासूबाईंना ओरडून विचारलं, "अत्याबाई, आज फरशी कुणी धुतली?"

"म्याच की. तू आत हायस."

"पाणी कुणीकडं गेलं?"

"मोरीकडं. दुसरीकडं कुठं जाईल? उतारच..."

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी निखारे बाजूला सारले, त्याच विटांवर दुसरं बोळकं ठेवलं आणि तांब्यातलं गार पाणी काठोकाठ ओतलं. पाणी मावळतीलाच सांडलं.

"जाळ न्हाय, मंतर न्हाय. पाण्याला बी राग आला काय, बाबा?"

"दुधात तेज असतंय, माय. पाण्याचं काय..."

सासूबाईंनी मावळतीच्या विटेखाली खापरी सरकवली, बोळकं रिकामं केलं आणि त्यात उरलेलं दूध काठोकाठ ओतलं. ते उगवतीला सांडलं.

"देव खापरीला भ्याला!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. बाबांना एकाएकी स्नानाची वेळ आठवली, झोळी उचलून ते निघाले.

सासूबाईंनी येऊन कडी काढली. "पोरी, उतार मला रोज दिसत हुता गं."

माफ केलं म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं. लेकीला घेतलं आणि बावीस दिवसांनी उन्हात उभी राहिले.

सूर्याला अर्घ्य द्या, दूधही खुशाल उतू घालवा. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण दुधावरून माणसाची परीक्षा घेण्याआधी भांडं कुणीकडे कललंय ते बघा. आणि देवाच्या मनातलं आपल्यालाच कळतं असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातात बादली द्या आणि सांगा, महाराज, आधी फरशी धुवा.