बावीचा वाढदिवस

नामा म्हात्रेनं १९९० साली जुईनगरजवळच्या आपल्या गावातून साप्ताहिक 'खाडीवारा' काढलं, तेव्हा चारही पानं बातम्यांची होती. साताऱ्याकडचा कोंडिबा पानं लावायचा आणि रबाळ्याच्या एका गाळ्यातून छापून आणायचा.

मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली. मधोमध पुढारी, भोवती पाच शुभेच्छुकांचे फोटो. सहावा रुसला. पुढच्या अंकात सहाव्याला घेतलं, तर सातव्यानं नामाच्या घरचं हळदीचं जेवण नाकारलं. असं करत १९९६ उजाडेपर्यंत बातमीला काडेपेटीएवढी जागा उरली, तीही तिसऱ्या पानावर, कुणाच्या तरी कानाखाली. लोक अंक उघडत, आपलं तोंड शोधत, शेजाऱ्याचं तोंड बोटानं मोजत आणि घडी घालून ठेवत.

त्याच साली गावामागची जुनी विहीर बुजवून सोसायटीच्या गाड्यांना जागा करायचं ठरलं. काम उदयसिंह जगदाळे या कंत्राटदाराकडे. नामाची आई विमलबाई त्या विहिरीला बाव म्हणायची. लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं पहिली कळशी तिथंच बुडवली होती. गावातल्या प्रत्येक नवरीच्या अंगावर तिथलंच पाणी पडलेलं.

"पेपर आपला हाय," ती म्हणाली, "आन आपले बावीची बातमी नाय?"

नामानं सात ओळींची बातमी लिहिली. पहिल्या आठवड्यात तिच्यावर एका मंडळाचा उपखजिनदार बसला, दुसऱ्या आठवड्यात उपखजिनदाराचा मेहुणा. तिसऱ्या आठवड्यात मेहुण्यानं मिशी काढली, म्हणून त्याचा नवा फोटो. आता एकच शनिवार हातात होता. सोमवारी राडारोड्याचे ट्रक येणार होते.

आईनं जुने अंक पुढ्यात ओढले आणि एवढे सगळे कशासाठी हसताहेत ते विचारलं. नामानं सांगितलं, वाढदिवस.

"मंग बावीचा कर."

विहिरीचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. कोंडिबा कॅमेरा घेऊन गेला, काठावरून वाकला, फोटो काढला. पाण्यात त्याचंच डोकं आलं. पुन्हा काढायला वेळ नव्हता. शनिवारी पहिल्या पानावर विहिरीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या आणि भोवती ड्रॉवरमधल्या जुन्या फोटोंतली झाडून सगळी तोंडं. त्यात सगळ्यांत मोठं उदयसिंहाचं, नगरसेवकापेक्षा दीड बोट मोठं.

सोमवारी सकाळी ट्रक आले, तर काठावर हार, पेढे, केक, बँजो पार्टी आणि सहा वर्षांतले एकूण एक शुभेच्छुक. फोटोवरून ओळखून काहींनी कोंडिबालाच हार घातले. तो "आवं, मी नव्हं" म्हणत राहिला आणि मानेपर्यंत फुलांत बुडाला. उदयसिंहानं नामाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, माझा फोटो कुणी दिला? मग त्यानं अंक पुन्हा पाहिला, नगरसेवकाच्या तोंडावर बोट ठेवलं, स्वतःच्या तोंडावर ठेवलं, आणि घडी घालून अंक खिशात टाकला. जिला शुभेच्छा दिल्या, तिच्यावर त्याच तोंडानं राडारोडा कसा टाकणार? ट्रक वळले. केक त्यानंच कापला.

घरी आई मात्र रुसून बसलेली. एवढ्या तोंडांत तिचं तोंड नव्हतं.

"साहेब," कोंडिबा म्हणाला, "वाढदिवस झाला, आता आभार छापायला लागतील की."

आभाराच्या जागेवर कुणी हक्क सांगत नसे. नामानं खिशातली सात ओळींची बातमी काढली आणि तीच फिरवून विहिरीच्या तोंडी घातली.

'दोर झिजले, काठ झिजला, पाणी झिजलं नाही. मी अजून आहे. पाणी गोड आहे. शुभेच्छुकांत श्रीमती विमलबाई म्हात्रे यांचं नाव अनवधानानं राहून गेलं. त्यांनी मोठ्या मनानं माफ करावं. आपली नम्र, विहीर.'

विमलबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. रुसवा उतरला, पण समाधान होईना.

"तिचे नावान छापलंस, मंग तिला नको कलाया?"

म्हणून नामा अंक घेऊन काठावर बसला. आईनं कळशी बांधून दोर विहिरीत सोडला. त्यानं आभार वाचले, मग बाकीचा अंकही वाचला, प्रत्येक तोंडाखालचं नाव, मेहुण्यापर्यंत. विहीर एकेक नाव परत म्हणत होती. 'खाडीवारा' शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिलीच.