कमळचा मूळ दाखला

मित्रांनो, मी एक जुनी नाडीची फाइल आहे. भिवंडीच्या एका बाइंडरनं मला बनवलं. जाड पुठ्ठा घेतला, लूमवर वाया गेलेल्या कापडाची पट्टी कण्याला चिकटवली आणि लाल नाडी ओवली. माणूस चिक्कू, पण हात सफाईचा.

भिवंडीतल्याच नारपोलीच्या हिरामणनी मला आपल्या मुलीसाठी, कमळसाठी विकत घेतलं. ते नगरपालिकेत शिपाई होते. साहेबांच्या फायली वाहून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, की ज्याचे कागद नीट त्याचं सगळं नीट. कमळची आई लवकर गेली. घरात बापलेक दोघंच, आणि तिसरी मी. माझा तोरा काय विचारता!

एकोणनव्वद साली कमळ चांगल्या मार्कांनी दहावी पास झाली. तिला सायन्सला जायचं होतं, ठाण्याला. गावातल्या कॉलेजात तेव्हा आर्ट्स आणि कॉमर्सच होतं. तिनं दोन्हीकडे अर्ज भरले. ठाण्याच्या पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. दुसरी लागायच्या आतच गावातल्या कॉलेजची शेवटची तारीख आली.

त्या दिवशी कमळ नळावर गेली होती. हिरामणनी माझी नाडी सोडली आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला बाहेर काढला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोन लागंल?" ते स्वतःशीच म्हणाले.

गावातल्या कॉलेजात दाखला भरून आले, पावती माझ्यात ठेवली. संध्याकाळी ते लेकीला सांगणार होते. पण ती ठाण्याच्या प्रयोगशाळेबद्दलच बोलत बसली आणि त्यांची जीभ उचलेना.

दोन दिवसांनी कमळ मला घेऊन एसटीत बसली. सारी वाट मी तिच्या मांडीवर होते. माझ्यात दाखला नाही, हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मित्रांनो, तेव्हाइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

दुसऱ्या यादीत तिचं नाव होतं. तिनं ते तीनदा वाचलं आणि धावत खिडकीशी गेली.

"मूळ दाखला द्या," क्लार्क म्हणाले. "पाचपर्यंत भरला नाही तर जागा पुढच्याला जाईल."

तिनं एकेक कागद उलटला. गुणपत्रिका होती, नकला होत्या, दाखल्याच्या जागी गावातल्या कॉलेजची पावती होती. तो दाखला सोडवायचा तर अर्ज, सही, चार दिवस. तिनं वाद घातला नाही. माझी नाडी बांधली आणि परतीची एसटी धरली.

घरी हिरामण दारातच उभे होते. "काय झालं गं?"

"न्हाय लागलं नाव."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघ, मी तुजा दाखला इथंच भरून ठेवलाय. बरं केलं ना?"

"बरं केलंत, बाबा."

कमळ बी.कॉम. झाली, नोकरीला लागली. "मी होतो म्हनून पोरीचं वरीस वाचलं," असं हिरामण आल्यागेल्याला सांगायचे. कमळ ऐकत चहा गाळायची. मला तिनं पुन्हा कधी उघडलं नाही. आता मी माळ्यावर आहे, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय.

मित्रांनो, आपल्या माणसांचे कागद जरूर जपा. पण त्यातला एखादा बाहेर काढण्याआधी, तो ज्याचा आहे त्याला विचारा. हिरामण गेल्या वर्षी वारले. आपण लेकीचं भलंच केलं, या समाधानात गेले. खरं काय घडलं ते फक्त कमळला ठाऊक आहे आणि मला. ती कुणाला सांगणार नाही, आणि मला तर तिला साधं 'रड गं' असंही म्हणता येत नाही.