मागच्या बंपरवरची जागा

मी आलापल्लीचा लटारू मिस्त्री. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते तेव्हा मी चिडतो, पण खरं तेच आहे.

भामरागडकडच्या एका गावात लालसूची जुनी जीप आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. पावसाळ्यात दवाखाना गाठायचा तर गावाला तेवढाच आधार. चिखलात मात्र तिचं मागचं एक चाक गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म. दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलची खोडच ती, घसरत्या चाकालाच फिरवत बसायचं. म्हणून चिखल आला की लालसूचा थोरला भाऊ इतवारी मागच्या बंपरवर चढून त्या चाकावर वजन द्यायचा. तरी जीप रुतायचीच. लोक उतरून ढकलत, आणि ती निघाली की इतवारीही सगळ्यांसोबत आत बसे.

जुलैमध्ये मी भंगारातून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल शोधून आणलं आणि बसवलं. लालसूला बजावलं, "चिखलात आता दोनी चाकं ओढतीन. पण ओल्या डांबरावर, वळणात रेस देऊ नको. आधी एक चाक घसरे, दुसरं गाडी धरून ठेवे. आता दोनी एकदम सुटतीन, मांगची बाजू फेकल्या जाईन."

इतवारी शेजारी बसून ऐकत होता. "मंग मी कुठी उभा राहू, भाऊ?"

"जिथी राह्यते तिथीच राह्य," मी थट्टा केली. "तुह्याबिगर जीप बोडकी दिसन."

सगळे हसले. इतवारीने फक्त मान हलवली. सरळ माणूस, त्याला ते खरंच वाटलं.

ऑगस्टमध्ये गावातली निशा बाळंतपणात अडली. लालसू तिला घेऊन निघाला. चिखल आला तसा इतवारी बंपरवर चढला. या वेळी जीप रुतलीच नाही. कोणी उतरलं नाही, कोणी ढकललं नाही, आणि इतवारीला आत घ्यायला ती थांबलीही नाही. निशा कण्हत होती, लालसूचा पाय रेसवर तसाच. ओलं डांबर लागलं आणि लगेच वळण. मागची बाजू झाडांकडे फेकली गेली. लालसूने कशीबशी जीप सावरली. मागे वळून पाहिलं तर बंपर रिकामा होता.

निशा वाचली, तिची पोरगी वाचली. इतवारी सागाच्या बुंध्याशी पडला होता. तो तिथेच गेला.

पंधरा दिवसांनी लालसू जीप घेऊन माझ्याकडे आला. माझ्याने त्याच्या तोंडाकडे बघवेना. पाना घेतला आणि सरळ जीपखाली शिरलो.

"काढून टाकतो हे. जुनंच बसवून देतो. मीच त्याले तिथी राह्याले सांगतलं, लालसू."

खालून मला त्याच्या चिखलाने भरलेल्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"राहू दे, भाऊ," तो म्हणाला. "हे काढलं त मांगं उभं कोण राह्यन?"