बैलाला सांगून बोलणारं घर

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात सरदार नावाचा बैल होता, त्याला मराठी समजायचं. वाचता येत नव्हतं, पण समजायचं सगळं. शेजारची शकुबाई माझ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नाय, पण बैलाचं तीपण कबूल करते.

कारण असं, की आमच्या घरात बाप लेकाशी बोलायचा नाय. माझे सासरे कोंडाजी मोटेवर उभे राहायचे आन् म्हणायचे, सरदार, त्याला सांग, पाणी शेवंतीकडं वळव. ‘तो’ म्हणजे त्यांचा लेक सावळीराम, माझे मालक. चार हातांवर उभे असायचे. तेपण बैलाकडंच बघून म्हणायचे, सरदार, वळवलंय म्हणावं. बैल एकदा इकडं मान करायचा, एकदा तिकडं. मी लग्न होऊन नवी नवी आले, तेव्हा मला वाटलं, ह्या घरचा कारभारी बैलच हाय.

मग सरदार म्हातारा झाला आन् त्याचं काम माझ्याकडं आलं. खोटं कशाला सांगू, मला ते लय आवडलं. सासरे म्हणायचे, झुंबर, त्याला सांग, जेवून घे. मी जाऊन तिखटमीठ लावून सांगायची. एका वाक्याची पाच करायची. बी कुठलं पेरायचं, पाहुण्यांकडं कोण जाणार, सगळं माझ्या जिभेवरून जायचं. सतरा वर्षांची सून, आन् दोन बाप्ये माझ्या तोंडाकडं बघत बसलेले.

पुढं सासरे वारले. पोरं मोठी झाली, विचारायला लागली, आजोबा आमच्या बाबाशी का बोलत नव्हते? तेव्हा मी नागाची गोष्ट काढली. आमच्या विहिरीत नाग हाय, एकवीस हात लांब, मिशीवाला. विहिरीला पाणी लागेना, तेव्हा ह्या घरातल्या पुरुषानं त्याला आपला आवाज देऊन पाणी मागितलं. तेव्हापासून दर पिढीत नाग एका बापाचा आन् एका लेकाचा आवाज गिळतो. इतकी झकास सांगायची मी, की मालकांनाही खरी वाटली.

मग अठ्ठ्याऐंशी साली आमचा थोरला सुनील न विचारता एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला आन् मालकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. लोक म्हणाले, नाग हाय तर त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करा. गेलो. विधी नीट झाला, नागाचं समाधान झालं असंल. पण जाताना जीपमधी बाप पुढं आन् लेक मागं बसला होता, येतानाही तसंच. त्र्याण्णवला मालक गेले. सुनील खांदा द्यायला आला, दहाव्याला आला, आन् गेला तो गेलाच. एकलहरे इथून वीस किलोमीटर. दहा वर्षं त्याचा पाय घराला लागला नाय.

आता खरी गोष्ट. दोन हजार तीनचा दसरा. मळा तेव्हा धाकटा भारत बघत होता, आजही तोच बघतो. ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो तापानं फणफणला. झेंडू तोडून गोण्या टेम्पोत भरलेल्या, आन् ड्रायव्हरचा पत्ता नाय. भारतची लेक शुभांगी तेव्हा एकोणीसची. पहाटे उठली, किल्ली घेतली, कुणाला न विचारता टेम्पो फुलबाजारात नेला. दुपारच्या आत सगळा झेंडू खपवून परत. येताना गोदावरीचा पूल तिनं दोनच चाकांवर ओलांडला, असं मी गावात सांगितलं. ते सोडा.

संध्याकाळी भारतचा ताप उतरला आन् तोंड बंद झालं. पोरीशी एक शब्द नाय. दिवाळीच्या पाडव्याला शुभीनं त्याला ओवाळलं, तेव्हा ताटात साडी ठेवली आन् बघत होता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मला म्हणतो, आई, तिला सांग, रंग आवडला नसला तर बदलून आणू. आजवर हे बाप्यांचं होतं. आता माझ्या नातीपर्यंत आलं.

शुभीला पुण्याकडं गुलाबाच्या पॉलीहाऊसात नोकरी मिळाली होती. एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं. माझ्या शेजारी गजरे ओवत बसली होती, वर न बघता म्हणाली, “बाबा जायच्या आधी बोलले तर मी येत-जात राहीन. नाय बोलले, तर सुनीलकाकासारखी मीपण येणार नाय, आजी.”

मी सुई खाली ठेवली. ह्या पोरीला मी ओळखते. ती माझ्यासारखी फेकत नाय.

त्याच दिवसांत भारतच्या बायकोचं, मीनाचं डोकं सारखं दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाय. त्यांनी कॉलेज रोडच्या साधनाताईंकडं पाठवलं. त्या समुपदेशक, म्हणजे औषध देत नाय, बोलायला लावतात. आमच्या घराला असलाच डॉक्टर पाहिजे होता. ताई म्हणाल्या, एकट्या नका येऊ, एका चुलीवर जेवणारे सगळे या. भारत म्हणाला, मी फक्त गाडी आणणार. आला, आन् दारात चपलांच्या स्टुलावर बसला.

ताईंनी टेबलावर मोठा कागद पसरला. बाप्यांचे चौकोन, बायांचे गोल. बोलत असतील त्यांच्यात सरळ रेघ, बोलत नसतील त्यांच्यात तुटलेली. विचारत गेल्या, काढत गेल्या. मला वाटलं, आता आपली पाळी. मी नागाची गोष्ट सुरू केली. बाई हसल्या नाय, मधी बोलल्या नाय. उलट विचारलं, किती लांब? मी म्हटलं एकवीस हात. त्यांनी मान डोलावली.

“नागाचं कळलं, आजी. आता सांगा, ह्या घरात निरोप कोण नेतं?”

मी कागदाकडं बघितलं. कोंडाजी आन् सावळीराम, तुटलेली रेघ. सावळीराम आन् सुनील, तुटलेली. भारत आन् शुभी, तुटलेली. आन् प्रत्येक तुटलेल्या रेघेच्या दोन्ही टोकांकडून सरळ रेघा निघाल्या होत्या, त्या सगळ्या एकाच गोलात जात होत्या. शाईनं काळा झाला होता तो गोल. माझा.

शुभी वाकून बघत होती. म्हणाली, “आजी, नाग सापडला.”

मीना हसली, मीपण हसले. पण हसता हसता पस्तीस वर्षं दडवून ठेवलेलं वर आलं. मी म्हटलं, माझ्याकडं एक निरोप पडून हाय, पोचवलेला नाय.

सासरे शेवटच्या दुखण्यात होते. मला जवळ बोलावलं आन् म्हणाले, “झुंबर, सावळीरामला सांग, मी त्याच्यावर कधीच रागावलो नव्हतो. त्याची आई गेली आन् माझ्या तोंडून शब्दच फुटंना. त्याला वाटलं राग हाय. मग पुन्हा कसं सुरू करावं ते मला कळंना.”

मी सांगितलं नाय. हे दोघं बोलायला लागले तर मला कोण विचारणार, असं वाटलं. उद्या सांगू म्हटलं. उद्या सासरे गेले. मग कुठल्या तोंडानं सांगणार? मी नाग काढला. माझ्या मालकांना बापाचा निरोप मिळायचा होता, त्याच्या जागी त्यांना नाग मिळाला, आन् तोच घेऊन ते गेले.

दारात भारत चपलेचा तळ निरखत बसला होता. 

ताई मला रागावल्या नाय. म्हणाल्या, दुखलं की गप्प बसायचं आन् दुसऱ्यानं सुरुवात करायची, हे ह्या घरात बापाकडून लेकाकडं नाकासारखं आलंय. नाक बदलत नाय, हे बदलतं. तुम्ही फक्त निरोप नेणं बंद करा. कुणी ‘सांग त्याला’ म्हटलं, की म्हणायचं, तूच सांग. मी म्हटलं, ताई, माझं तोंड अर्धं उघडत नाय. उघडलं की गोष्ट बाहेर पडते. त्यापेक्षा शुभी जाईपर्यंत मी ते पुरतंच बंद ठेवते. शुभी म्हणाली, घरी जाताना वाटेतल्या रामवाडीच्या पुलापर्यंत टिकलीस तरी खूप झालं.

अकरा दिवस टिकले मी. म्हैस निम्मं दूध द्यायला लागली. कौलावर कावळे ओळीनं बसून खाली बघायचे. शकुबाई नारळ घेऊन आली, मला जमिनीवर तर ठेवलं नाय ना, हे खिडकीतून आधी बघून घेतलं.

पहिल्या दिवशी भारत म्हणाला, आई, तिला विचार, किल्ली कुठं हाय. मी शेंगा सोलत राहिले. त्यानं दोन तास किल्ली शोधली. ती शुभीच्या कमरेला होती. चौथ्या दिवशी दोघांनी एकाच वाफ्याला दोनदा पाणी दिलं, शेवंती पोहायला लागली. माझ्या जिभेवर नुसत्या मुंग्या चालायच्या.

दहाव्या दिवशी सकाळी भारत टेम्पोपाशी गेला. बॉनेटवर हात ठेवला आन् आपल्या आज्यासारखा टेम्पोला म्हणाला, हिला म्हणावं, घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं. शुभी पलीकडं गोण्या झटकत होती. तिनं गोणी खाली टाकली, वळसा घालून आली, त्याच्या अगदी समोर उभी राहिली.

“बाबा, टेम्पोला मराठी येत नाय.”

मी ओसरीत पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक शब्द, एकच शब्द मधी टाकायचा मोह झाला होता. टाकला नाय.

भारतनं बॉनेटवरचा हात काढला. मग म्हणाला, “दसऱ्यापासून बाजारात जो तो मला सांगतोय, तुझ्या पोरीनं फुलबाजाराच्या चिंचोळ्या बोळात टेम्पो रिव्हर्समधी घातला, एक ओरखडा नाय. मी नुसतं ऐकत फिरायचो. लय बरं वाटायचं. घरी आलो की कसं सांगायचं, तेच कळंना.”

“मग परत एकदा सांगा,” शुभी म्हणाली.

त्यानं परत सांगितलं. ह्यावेळी हातवारे करून, बोळ दाखवून. नंतर घाटात गिअर कसा टाकायचा ते सांगत बसला, ऊन चढेपर्यंत. मी रडले, पण आवाज केला नाय. बोली होती ना.

एक डिसेंबरला तोच तिला पुण्याला सोडायला गेला. टेम्पो तिनं चालवला. नाशिकरोड ओलांडल्यावर भारतनं तिला गाडी एकलहऱ्याकडं वळवायला सांगितली, एवढं मला कळलं. सुनीलच्या दारात काय बोलणं झालं, ते कुणी मला सांगितलं नाय. ह्या घरात मला माहीत नसलेली ती पहिली गोष्ट, आन् मी ती मिरवत हिंडते. संक्रांतीला सुनील तिळगूळ घेऊन आला, तेव्हा दोघे भाऊ विहिरीच्या काठावर बसून भांडत होते. मोठ्यानं, तोंडावर. मी चहा ठेवला आन् आत निघून आले.

दर रविवारी फोन वाजतो. उचलायचा मान माझाच. पलीकडून माझी नात म्हणते, आजी, कशी हायस? बाबांना दे. मी रिसीव्हर भारतच्या हातात देते. मधी एक शब्द घालत नाय. नागाची गोष्ट विचाराल, तर ती मी अजून सांगते. त्यातला नाग आता पस्तीस हात लांब हाय, आन् एका पोरीनं त्याच्यावरून टेम्पो नेला, रिव्हर्समधी.