माईकने ऐकलेली शांतता

हातात धरून बोलायचा माईक म्हणून मी जन्माला आलो आणि आता जुना झालो आहे, मित्रांनो. माझ्या डोक्यावरची स्पंजची टोपी एकेकाळी लालभडक होती. आज ती विटेच्या रंगाची झाली आहे आणि मागून थोडी झडलीही आहे. पण आवाज माझा अजून खणखणीत आहे. म्हणजे खरे तर आवाज तुमचाच, मी तो फक्त पुढे पोचवतो.

कारखान्यातल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. एका लांब टेबलावर आम्ही सगळे भाऊ पडलो होतो. एका बाईने मला उचलले, कानाशी धरून हलवले, आत काही खुळखुळत नाही याची खात्री केली आणि खोक्यात घातले. माझ्या पोटात नखाएवढा पातळ पडदा आहे. कोणी बोलले की तो थरथरतो. एवढेच माझे काम.

मला विकत घेणारा माणूस ध्वनिमुद्रक होता. सगळे त्याला कानसेन म्हणत. काही लोक ते कौतुकाने म्हणत, काही चिडून, कारण त्याच्याबरोबर काम करणे म्हणजे वैताग होता. एखाद्या खोलीतले चित्रीकरण संपले, लोक सामान आवरू लागले की हा हात वर करायचा.

"कोणी हलू नका. खोलीची हवा घ्यायचीय."

खोलीची हवा म्हणजे त्या रिकाम्या खोलीचा आवाज, संवादांच्या मधल्या फटी भरायला लागणारा. मित्रांनो, तुम्हाला वाटेल रिकाम्या खोलीला कसला आवाज? पण असतो. स्वयंपाकघर थोडे गुणगुणते. लांब व्हरांड्याचा आवाज पोकळ असतो. गाद्या रचलेल्या खोलीचा आवाज मऊ लागतो. कानसेन मला मधोमध धरून उभा राहायचा आणि सगळे जण पुतळ्यासारखे थांबायचे. मग नेमके कोणाला तरी शिंक यायची आणि सगळे पहिल्यापासून.

घरीही तेच. त्याची लेक तेव्हा शाळेत होती. तो पंखा बंद करायचा, फ्रीज बंद करायचा आणि तिच्याकडे वळायचा.

"बाबा, मी पण बंद?"

"तू पण. जरा वेळ."

ती गाल फुगवून, श्वास धरून बसायची. माझ्या पडद्याला मात्र तिचे हृदय धडधडताना स्पष्ट कळायचे. कानसेनलाही कळत असणार. पण त्याने तिला कधी दुसऱ्या खोलीत घालवले नाही.

मग तो चित्रपट आला. कानसेनचा एक मित्र होता. दिवसभर छापखान्यात प्रुफे तपासायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःला दिग्दर्शक म्हणवून घ्यायचा. त्याने भुताचा चित्रपट काढायचे ठरवले. पण साधा नव्हे. खऱ्या माहितीपटासारखा दिसणारा, आणि मुळापासून शेंड्यापर्यंत बनवलेला. नाव 'चौथा भाडेकरू'. एका घरात राहायला आलेली बाई झपाटली जाते, सैतान तिच्या तोंडून बोलू लागतो, आणि ते टिपायला मुलाखती घेणारे लोक येतात, अशी गोष्ट.

झपाटलेली बाई झाली कानसेनची थोरली बहीण. लेक तिला आत्या म्हणायची. आत्या शिवणकाम करायची आणि तिला अभिनयाचा गंध नव्हता. दिग्दर्शकाने तिला निवडले ते तिच्या टक लावून पाहण्यामुळे. सुईत दोरा ओवताना ती अशी पाहायची की समोरच्याने आपली चूक कबूल करावी.

आणि मित्रांनो, त्या चित्रपटात मीही होतो! एरवी माईक पडद्यावर दिसला की ध्वनिवाल्याची हजेरी घेतात. इथे मुलाखतीच होत्या, म्हणून मी उघडउघड दिसायचो, लाल टोपी घालून, प्रत्येकाच्या तोंडापुढे.

सैतान बोलतो त्या प्रसंगावरून मात्र बराच वाद झाला.

"गुरगुर हवी," दिग्दर्शक म्हणाला. "जाड, घोगरी. पोटातून आलेली."

"गुरगुर सगळेच करतात," कानसेन म्हणाला. "आपण काहीच ठेवायचं नाही. बाई माईक हिसकावून घेते, तोंडाशी नेते, ओठ हलतात आणि आवाज जातो. पूर्ण. खोलीची हवासुद्धा नाही ठेवायची."

"मग लोक काय ऐकतील?"

"तेच तर."

शेवटी दिग्दर्शकाने मान्य केले. चित्रीकरण झाले. आत्याने मला हिसकावले, ओठांना लावले आणि कितीतरी वेळ बोलत राहिली. ती काय म्हणाली ते पडद्यावर कोणालाच ऐकू येत नाही. मला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला. तुम्हाला म्हणून सांगतो. ती म्हणत होती, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात. ब्लाउजचं माप द्यायला ती बाई यायचीय. आता थांबवा म्हणा की या मेल्याला."

पहिला खेळ एका छोट्या चित्रपटगृहात झाला. कानसेन मला घेऊन मागे उभा होता, कारण सुटल्यावर प्रेक्षकांचे मत विचारायचे होते. अर्धा चित्रपट छान गेला. लोक पुढे सरकून बसले होते. मग आत्याने मला तोंडाशी नेले आणि आवाज गेला.

"आवाज!" कोणीतरी ओरडले.

"ओ ऑपरेटर, झोपलात काय?"

शिट्ट्या सुरू झाल्या. ऑपरेटर बिचारा भला माणूस. यंत्रच बिघडले असे त्याला वाटले. त्याने आवाजाची कळ फिरवली, आणखी फिरवली, शेवटपर्यंत फिरवली. स्पीकर फसफसू लागले. मग चित्रपटात आवाज परत आला. तिथे होता फक्त नळाच्या थेंबाचा आवाज. पण तो थेंब असा धाडकन पडला की एका गृहस्थांनी हातातला चहा पुढच्याच्या डोक्यावर सांडला, आणि अख्खे चित्रपटगृह खो खो हसले. भुताच्या चित्रपटाला एकदा लोक हसले की संपले सगळे.

बाहेर पायऱ्यांवर कानसेनने मला लोकांपुढे धरले. त्याचा हात स्थिर होता.

"आवाज अगदीच भिकार."

"बाई चांगली होती हो, पण ऐन वेळी मुकी का झाली?"

"हे खरं असेल तर त्या बिचारीला डॉक्टरकडे न्यायचं सोडून तिच्यापुढे माईक कसले नाचवता?"

"सैतानाने आधी त्या ध्वनिवाल्याला धरायला हवं होतं."

"आभारी आहे," कानसेन प्रत्येकाला म्हणत होता.

चित्रपट त्याच आठवड्यात उतरला. पुढे कानसेनने ध्वनीची कामे म्हणून सभा केल्या, जाहिराती केल्या, शाळांचे कार्यक्रम केले. पण जिथे जाईल तिथे कोणीतरी डोळा मारून विचारायचेच, "आवाज चालू आहे ना, नक्की?" तो हसायचा. लेक मोठी होत होती. तिला त्याच्या हसण्यातला फरक कळू लागला होता.

"बाबा, तुम्हाला राग नाही येत?"

"राग कसला? आवाज गेला की माणूस ओरडणारच. मीही ओरडलो असतो. फक्त त्यांनी थोडं उशिरा ओरडायला हवं होतं."

"म्हणजे काय झालं असतं?"

"ते झालं असतं तर तू विचारलंच नसतंस."

नंतर तारांशिवाय चालणारे, कॉलरला लागणारे इवलेसे माईक आले. मी कपाटाच्या खणात गेलो. शेजारी एक रबर होते, ते वितळून माझ्या मानेला चिकटले. अंधारात ऐकण्यासारखे काही नव्हते. लाकूड कधीतरी कुरकुरायचे, तेवढेच.

एके दिवशी खण उघडला. कानसेनचा हात नव्हता. लेकीचा होता. तिने साडीच्या पदराने मला पुसले, मानेवरचे रबर नखाने हळूहळू खरवडून काढले. घरात पंखा बंद होता, पण 'कोणी हलू नका' म्हणणारे कोणी नव्हते. तेव्हा मला समजले की कानसेन आता नाही.

"चालतोस का रे अजून?" ती मला म्हणाली. मी चालत होतो.

त्याच चित्रपटगृहात आता रविवारी सकाळी जुने, कोणी न पाहिलेले चित्रपट दाखवत. ऑपरेटर तोच होता, केस पिकलेला. त्यानेच लेकीला निरोप धाडला होता की तुमच्या वडिलांचा चित्रपट लावूया. दिग्दर्शकही घरी आला. आता तोही काठी टेकत चालायचा. त्याने संगणकावर काहीतरी करून आणले होते.

"ऐक," तो म्हणाला. खोलीत घोगरी गुरगुर घुमली. "त्या जागी ही टाकतो. आता सोपं असतं. कोणाला शंका येणार नाही."

"काका, बाबांनी ती जागा रिकामी ठेवलीय."

"पोरी, त्या रिकाम्या जागेनेच त्याची बदनामी केली. माझा मित्र होता तो. तो नसताना लोक पुन्हा त्याला हसले, तर मला ते ऐकवणार नाही."

दिग्दर्शक खोटे बोलत नव्हता, हे लेकीलाही दिसत होते.

"एक खेळ," ती शेवटी म्हणाली. "जसा आहे तसा. लोक ओरडले तर तुमची गुरगुर घाला. कायमची. मी शब्द काढणार नाही."

"कबूल?" दिग्दर्शकाने विचारले.

"कबूल."

मित्रांनो, मी इतक्या सभा पाहिल्या, पण असा घाबरलो नव्हतो. त्या रविवारी चित्रपटगृह जवळजवळ भरले. मागच्या भिंतीशी लेक मला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्या शेजारी दिग्दर्शक. आत्या पुढे बसली होती आणि कोणी तिला ओळखले नव्हते. वर ऑपरेटरने कळीवर हात जाऊ नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

पडद्यावर आत्याने मला हिसकावले. ओठांशी नेले. आवाज गेला.

"आवाज!"

मधल्या रांगेतला धिप्पाड माणूस होता. दिग्दर्शकाने डोळे मिटले. लेकीची बोटे माझ्याभोवती घट्ट झाली.

"ए ऑपर..."

आणि तो तिथेच थांबला. कोणी त्याला गप्प केले नाही. स्पीकर फसफसले नाहीत, शिट्टी झाली नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचाच आवाज त्या मोठ्या खोलीत एकटा फिरून त्याच्याकडे परत आला. त्याने उरलेला शब्द गिळला. तो गिळल्याचेही मला ऐकू आले.

मग शांतता पसरली. पडद्यावर ओठ हलत होते आणि लोकांना आता ते स्वतः जिथे बसले होते तिथले आवाज ऐकू येऊ लागले. खुर्चीचे चामडे करकरले. कोणाची तरी बांगडी वाजली आणि लगेच हाताने दाबली गेली. शेजारच्याचा श्वास. आपला श्वास. पडद्यावरचे घर संपले होते आणि ते सगळे स्वतःच त्या घरात बसले होते. एका बाईने हळूच मागे वळून पाहिले. मग तिच्या बाजूच्याने पाहिले. मग रांगच्या रांग मागे वळली, आपल्या मागे कोण आहे ते बघायला.

नळाचा थेंब पडला. अगदी हलका. आणि सारे चित्रपटगृह एका आवाजात किंचाळले!

तशी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. तिच्यात भीती होती आणि तिच्या पाठोपाठ स्वतःवरच आलेले हसू होते, आणि मग टाळ्या. चित्रपट अजून चालू होता तरी टाळ्या. लेक रडली नाही. तिने फक्त मला छातीशी धरले. माझ्या पडद्याला ते धडधडणे ओळखीचे होते.

पायऱ्यांवर तिने मला पुढे केले. लोक स्वतःहून रांगेत उभे राहिले.

"माझ्या शेजारी कोणीतरी श्वास घेत होतं. शेजारची खुर्ची रिकामी होती, ताई."

"इतक्या वर्षांत बायकोचा श्वास पहिल्यांदा ऐकला. घाबरलो." "घरी चल, आणखी ऐकवते," बायको मागून म्हणाली.

"मला नाही आवडला. शेवट लांबला."

"माईक सारखा दिसतो, चूक आहे ती." "अरे माहितीपट आहे ना तो? दिसणारच." "माहितीपट? म्हणजे खरं आहे?" "नाही रे बाबा, खोटा माहितीपट!" "मग मी खरा का घाबरलो?"

ती बाई ओठांनी काय म्हणते यावर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. एक म्हणे शाप, दुसरा म्हणे उलटा मंत्र. आत्या बाजूला उभी राहून निर्विकारपणे ऐकत होती. मीही काही बोललो नाही.

धिप्पाड माणूस सर्वांत शेवटी आला. मला हातात घेऊन म्हणाला, "मी ओरडलो, माफ करा. पण ओरडलो नसतो तर एवढी टरकली नसती." मग दिग्दर्शकाने काठी बगलेत धरली, मला तोंडाशी नेले आणि सभेत बोलावे तसे जाहीर केले, "गुरगुर रद्द."

कॉलेजातली एक मुलगी जाता जाता थबकली. "ध्वनी कोणाचा होता?"

लेकीने मला तिच्याकडून स्वतःकडे वळवले. इतका वेळ ती फक्त विचारत होती.

"माझ्या वडिलांचा," ती म्हणाली. "ध्वनी माझ्या वडिलांचा."

माझा पडदा स्वच्छ थरथरला. एक अक्षर फाटले नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्या डोक्यावर टकटक करून 'हॅलो हॅलो' म्हणू नका, मला फुंकर मारू नका, वापरून झाले की कोरड्या फडक्याने पुसा. आणि कोणी मेहनतीने केलेले काही पाहायला बसाल, तेव्हा ते कळले नाही तर लगेच ओरडू नका. थोडा वेळ त्याच्यापाशी बसा. मग आवडले नाही तर तसेही सांगा, अगदी मोठ्याने सांगा. ऐकायला मी आहेच.