एका काचेवर एक गोष्ट

"ही जागा रिकामी का सोडलीस?" टिल्लू साहेबांनी काच खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून मला विचारलं.

"बघणाऱ्याचा डोळा टेकायला, साहेब."

"सरकारी काच आहे ही, डोळे टेकायला नाही. इथे नारूची कारणं येतील. चौदा ओळी आहेत."

हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौपन्न सालचा चैत्र होता. साहेब नारूच्या प्रचारासाठी पुण्याहून जुन्नरला आले होते. त्यांच्याकडे मॅजिक लँटर्न होता. पत्र्याचा डबा, आत बत्ती, पुढे भिंग. तळहाताएवढ्या काचेवर चित्र रंगवून त्यात सरकवलं की समोर टांगलेल्या धोतरावर ते बैलगाडीएवढं दिसायचं. जुन्नरात काचेवर रंग बसवणारा मी एकटाच, म्हणून मला बोलावणं आलं. निजाम पेंटर. दुकानाच्या पाट्या, टांग्यांच्या पाठी, मोहरमचे ताबूत, देवळांच्या कमानी, सगळं माझ्या हातचं. आजोबांपर्यंत आमच्या घरात हाताने कागद बनवायचे. कोरी जागा काय असते हे मला टिल्लू साहेबांनी शिकवायची गरज नव्हती.

नारू कसा होतो हे मात्र त्यांनीच मला सांगितलं, आणि छान सांगितलं. पायाला फोड येतो, त्यातून दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. आग आग होते, म्हणून माणूस पाय बारवेत बुडवतो. किडा पाण्यात पिल्लं सोडतो. तेच पाणी जो पितो त्याला वर्षाने नारू. म्हणून पायऱ्या उतरून पाण्यात जायचं नाही, वरून दोरीने पाणी काढायचं आणि फडक्याने गाळून प्यायचं.

"हेच बोला, साहेब," मी म्हटलं. "मी तीन काचा करतो. एकीवर दोरी, एकीवर फडकं, एकीवर धडधाकट पाय. अक्षर नकोच."

त्यांना सगळं एकाच काचेवर हवं होतं. डावीकडे नारूचा पाय बारवेत बुडवून बसलेली बाई, तिच्यावर लाल फुली. उजवीकडे पाणी गाळणारी बाई. खाली चौदा ओळी.

"एका काचेवर एक गोष्ट असावी, साहेब. आणि चुकीचं चित्र काढूच नये. माणूस जे बघतो तेच घेऊन घरी जातो."

"फुली आहे ना त्यावर!"

"फुली म्हणजे चूक, हे मास्तरचा मार खाल्लेल्याला कळतं. वाडीवरची बाई नव्या मडक्यावर, कणगीवर कुंकवाची फुली काढते. लाल फुली तिला शुभ असते."

साहेब मोठ्याने हसले. शेजारच्या कारकुनाकडे बघून म्हणाले, "ऐका! कुंकवाचं आता हा मला शिकवणार!" मग माझ्याकडे वळून, "तू रंग दे. डोकं मी पुण्याहून आणलंय."

कारकूनही हसला. मी काच उचलून घरी आलो.

बायकोने, ताहेराने, माझं तोंड बघितलं. "कायको झगडते साब से? बोले वैसा कर देव ना."

"बोलला तसंच करतो," मी म्हटलं.

रागात माझा हात चांगला चालतो, ही माझी खोड. उजवीकडची गाळणारी बाई मी अशी काढली की बघणाऱ्याला जांभई यावी. चौदा ओळी मुंगीच्या पायांसारख्या लिहिल्या. आणि डावीकडची बारव! तिच्यावर मी दोन दिवस घातले. पाण्याला हिरवा रंग सात वेळा चढवला. बत्तीचा उजेड त्यातून गेला की गारवा अंगावर यावा, असं पाणी. बाईच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. तिच्यावर, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, लाल फुली, ठसठशीत. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव, केसाएवढं बारीक. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "आता कसं भरलेलं वाटतं."

निरगुडसरच्या पलीकडच्या एका वाडीवर खेळ ठेवला होता. भरदुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून काळोख केला. वाडीचे कारभारी गेणभाऊ पुढे मांडी घालून बसले, बायका मागे भिंतीला. काचा सरकवायचं काम माझ्याकडे होतं. शेवटची ही काच लागली आणि सगळी खोली "आगं आई!" करून हलली. वैशाखाचं ऊन बाहेर, आत घामाचा वास, आणि समोर ते पाणी.

साहेब चौदा ओळी वाचू लागले. अक्षर त्यांनाच लागेना, म्हणून धोतराला नाक लावून पुटपुटत वाचत होते. त्यांची सावली नेमकी गाळणाऱ्या बाईवर पडली. आता समोर बारवेशिवाय काही उरलंच नाही.

मागच्या भिंतीशी बसलेली एक म्हातारी लँटर्नपाशी सरकत आली. गोजरबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. हळूच म्हणाली, "आवं पेंटरभाऊ, त्या बाईचा पाय पान्यानं बरा झाला व्हय?"

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. 'न्हाई मावशी, उलटं आहे ते,' एवढंच बोलायचं होतं. पण डोक्यात कारकुनाचं हसणं होतं. पुण्याचं डोकं आहे ना, पडू दे तोंडावर, असं मनात म्हटलं आणि बत्तीची वात सारखी करत राहिलो. म्हातारीने थोडा वेळ वाट बघितली आणि परत जागेवर गेली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात साहेबांची जीप मला न्यायला आली. वाडीत पुन्हा खेळ असेल असं वाटलं. जीपमध्ये लँटर्न नव्हता. 

वाडीत पोहोचलो तेव्हा ओट्याओट्यावर माणसं पाय लांब करून बसली होती. प्रत्येकाच्या पायाला काडी, काडीला गुंडाळलेला नारू. रोज वेढाभर ओढायचा, तुटला की पाय सडतो. पेरणी तोंडावर आली होती आणि बैलामागे चालायला धड पाय नव्हते. मला बघून गेणभाऊ काठी टेकत उठले.

"ह्योच त्यो चितारी! तुमीच दावलं ना रं पान्यात बसायचं? आमी मुकाट ऐकलं. गेल्या साली दोघातिघांना व्हता, आता निम्मी वाडी पडली. काय वाकडं केलं व्हतं आमी तुमचं?"

साहेब मागे सरकले. "चित्र याने काढलं. नाव आहे त्याचं काचेच्या कोपऱ्यात."

कोणीतरी माझ्या पाठीत ढेकूळ मारलं. मला लागलं नाही. मी गोजरबाईला शोधत होतो. ती टोकाच्या घरात, दारातच बसली होती. दोन्ही पायांना काड्या. मला बघून तोंडभर हसली. सगळ्या वाडीत तेवढीच एक हसली, आणि तेच मला सोसलं नाही.

"पेंटरभाऊ, बसा की. लई ग्वाड चित्र व्हतं तुमचं. तवा एकाच पायाला व्हता, लई आग व्हायची. तुमच्या बाईवानी रोज बारवंत बसले. इतकं बरं वाटायचं बगा!" मग काडीकडे बघत म्हणाली, "पर समद्यांस्नी कसा झाला, ते काय उमगंना."

मी तिच्याकडचं पाणी मागून प्यालो नाही. खरं तर माझ्यामुळे वाडी जे पाणी प्याली, ते मीही प्यायला हवं होतं. धीर झाला नाही.

वरून चौकशी निघाली. जुन्नरच्या कचेरीत साहेबांनी माझा जबाब टाइप करूनच आणला होता. चित्रकाराने सूचनांचा विपर्यास केला, आगाऊपणे मूळ चित्र बदललं, अमुक तमुक, कागद काठोकाठ भरलेला. खाली माझ्या सहीपुरती चिंचोळी जागा.

"सही कर."

"हे माझं नाही. कोरा कागद द्या."

"माझ्या नावाने खडे फोडणार?"

फोडता आले असते. वर्षभर मी मनातल्या मनात तेच करत होतो. लाल फुलीचं लिहिता आलं असतं, चौदा ओळींचं, सावलीचं, साहेबांच्या आणि कारकुनाच्या त्या हसण्याचं. सगळं खरं होतं. पण ते सगळं एका कागदावर कोंबलं असतं, तर दारात बसलेली गोजरबाई त्यात कुठेतरी खाली, मुंगीच्या पायाएवढी उरली असती.

मी कागद आडवा घेतला. खिशातला कुंचला काढला, शाईत बुडवला आणि बरोबर मध्यावर, दारातून वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: गोजरबाईने मला विचारलं होतं. मी ऐकून गप्प बसलो.

साहेबांनी दोनदा वाचलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आणि माझं?"

"तुमचं तुमच्या कागदावर लिहा, साहेब."

"एवढंच? बाकी सगळा कागद रिकामाच ठेवलास."

मी कागदावर फुंकर घातली. शाई वाळेपर्यंत थांबलो. मग उजव्या कोपऱ्यात नाव घातलं, या वेळी दिसेल एवढं, आणि कुंचला धुवायला बाहेर हौदावर गेलो.