फोटोबाबा आणि दोन काळे डोळे

घाटकोपरच्या टेकडीवर फोटोबाबाच्या खोलीबाहेर रांग लागलेली. प्रत्येकाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. बाबा फिल्म बल्बसमोर धरी, लाल फडक्यात गुंडाळी, पुटपुटे. फडकं सुटताच फिल्मवरचं दुखणं गायब. बऱ्या झालेल्यांनी आपली फिल्म बाबांच्या चरणी ठेवायची. ती म्हणे माहुलच्या खाडीत सोडली जाई.

सुगंधा अकरा वर्षांच्या जयाला घेऊन आली. पोरीचे हात थरथरत, बोलणं जड झालेलं, तोंडातून लाळ गळे. डॉक्टर कॉन्सेप्टा रोझारिओंनी मेंदूचा सीटी स्कॅन करायला लावला होता. पण फिल्म हातात पडताच सासू रुक्मिणी म्हणाली, "आधी बाबांक दाखव."

फिल्मवर मेंदूच्या मध्याशी, दोन्ही बाजूंना काळे डाग होते.

"हे डाग नाहीत माई, डोळे आहेत," बाबा रुक्मिणीला म्हणाला. "सुनेच्या माहेरची हडळ. विलायती यंत्राला नुसती दिसते. पकडायला आम्हीच लागतो."

रुक्मिणीने समाधानाने मान डोलावली. फडकं सुटलं, डोळे गायब. रांगेतली माणसं पायांवर कोसळली. शिवाय जयाला रोज तांब्याच्या गडूतलं शिळं पाणी पाजायचं ठरलं.

फिल्म स्वच्छ झाली, पण जयाचा घास काही तोंडापर्यंत पोचेना. शेवटी सुगंधाने डॉक्टरांचं दार गाठलं.

बाबाने परत दिलेल्या फिल्मच्या कोपऱ्यात बाजूने घेतलेलं कवटीचं चित्र होतं. डॉक्टर ते बघत राहिल्या. "सुगंधा, जयाच्या दाढांना धातूच्या टोप्या बसवल्यात?"

"नाय हो. दुधाच्या दाढा पडतायत अजून."

"मग हे डोकं दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

जयाला घेऊन दोघी टेकडीवर गेल्या, मागोमाग रुक्मिणीही. भरल्या दरबारात सुगंधाने बाबाची गादी उचलली. खाली नावं कापलेल्या फिल्मचा ढीग. दोन काळे डाग असलेली वरच होती.

"भूतच अदलाबदल करतं," बाबा म्हणाला.

"नावं कापायला कात्री पण भुतानंच आणली काय?" सुगंधाने विचारलं.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी जयाच्या बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं सगळ्यांना दाखवलं. "या आजारात शरीरात तांबं साठतं, मेंदूतसुद्धा. हे डाग त्याचेच. निम्मा दोष आईकडून येतो, निम्मा बापाकडून. आणि तुम्ही पोरीला पाजताय तांब्यातलं पाणी."

'बापाकडून' ऐकताच रुक्मिणीने बाबाकडे पाठ फिरवून जयाला जवळ ओढलं.

गोळ्या सुरू झाल्या. जयाचे हात हळूहळू स्थिरावले. तिची धाकटी बहीण जानकी धडधाकट दिसत होती, तरी तिलाही तपासलं. तोच आजार निघाला, पण हात थरथरायच्या आतच औषध मिळालं.

टेकडीवरून कुणी पाकीट घेऊन निघालं, की सुगंधा त्याला थांबवते आणि सांगते, "डाग फिल्मवरून गेला म्हणून नाचू नको रे. तो पोराच्या डोक्यात असतो. तिथून घालवणारा माणूस शोध."